पेंडीत उरलेले तेल

गोदाकाठी वसंतात जमणाऱ्या श्रोत्यांपुढे तेलाविषयी बोलावयास खरे तर एखादा रसायनशास्त्रज्ञ हवा होता. आम्ही मजूर चळवळीतले. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते गिरणीच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. पण तेल गाळणाऱ्या हातांशी आमचा परिचय जुना आहे. त्या भांडवलावर हे चार शब्द.

वनस्पती तेल म्हणजे बीने आपल्या कोंबासाठी बांधून ठेवलेली शिदोरी होय. ही शिदोरी कोणत्या बीत किती, यावर पुढला सारा व्यवहार ठरतो. सुक्या खोबऱ्यात शंभरांत ६० हून अधिक भाग तेल असते. तीळ व शेंगदाणे यांत निम्म्याच्या आसपास. आमच्या पेठ-सुरगाण्याच्या उतारावर पिवळी फुलणाऱ्या खुरासणीत ३५ ते ४०. सोयाबीनमध्ये मात्र जेमतेम १८ ते २०. गुणही निराळे. जवसाचे तेल हवेत वाळून त्याचा पापुद्रा धरतो, म्हणून ते रंगात व वार्निशात जाते. एरंडेल वाळत नाही आणि दाट असते, म्हणून ते वंगणाला. खोबरेलाचा साबण लवकर फेसाळतो. आणि नाशिकचा चिवडा कशात तळावा, यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत, तेव्हा तो विषय नको.

बीतले तेल बाहेर काढण्याचा इतिहास हा वस्तुतः पेंडीत किती तेल मागे राहते याचा इतिहास आहे. बैलघाण्यात लाकडी उखळात लाट फिरते, बी चिरडते, तेल हळूहळू सुटते. पण १०० भाग पेंडीत दहाबारा भाग तेल राहूनच जाते. ते गुरांच्या पोटी लागे, त्यामुळे कोणी हळहळत नसे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे याच धंद्यातले. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना तर ‘शनिवार तेली’च म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवीत. कायद्याच्या कितीतरी आधी साप्ताहिक सुट्टी पाळणाऱ्या या कारागिरांचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास घाणा सुधारला, पण तोवर एक्सपेलर आला होता. लोखंडी मळसूत्राच्या दाबाने तो पेंडीत सहासात भागच ठेवतो.

मग वनस्पती तूप आले. तापलेल्या तेलात निकेलच्या भुकटीच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की पातळ तेल थिजते. खानदेशात अमळनेरला १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी याच मालासाठी निघाली. पुढे संगणकाच्या धंद्यात नाव काढलेली विप्रो ती हीच. हे तूप साजूक म्हणून खपवू नये यासाठी सरकारने त्यात तिळाचे तेल घालण्याची सक्ती केली. तिळाच्या तेलाची रासायनिक परीक्षा केली की तांबडा रंग उमटतो व चोरी पकडली जाते. मात्र थिजवताना जे घातक ट्रान्स मेद तयार होतात, त्यांवर शंभरांत २ भागांची मर्यादा २०२२ साली लागू झाली.

आता सोयाबीनचा हिशेब पाहा. २० भाग तेलाच्या बीला एक्सपेलर लावला तर चौथा हिस्सा पेंडीतच राहतो. म्हणून तेथे बीचे पोहे करून ते हेक्झेन नावाच्या द्रावणात भिजवतात. तेल त्यात उतरते. नंतर उष्णता देऊन हेक्झेन उडवतात, ते थंड करून पुन्हा वापरतात. पेंडीत एका भागाहूनही कमी तेल उरते. मालकाच्या दृष्टीने हा शेवटचा थेंब होय.

या शेवटच्या थेंबाची किंमत आम्ही एका कारखान्यात पाहिली. हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, टाकीच्या तळाशी दबा धरून बसते. सफाईसाठी एक कंत्राटी कामगार खाली उतरला, तो हाकेला ओ देईना. त्याला काढायला दुसरा धावला, तोही तेथेच पडला. पहिला वाचला नाही. कमरेला दोरी नव्हती, उतरण्यापूर्वी हवा तपासली नव्हती, आणि हजेरीपटावर पहिल्याचे नावही नव्हते. नुकसानभरपाईसाठी तो तेथे कामाला होता हेच आधी सिद्ध करावे लागले. ते सोबत्यांच्या जबान्यांवर झाले.

ही वाफ सावकाशही मारते. वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली की हातापायांच्या नसा बधिर होतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. म्हणून अशा कारखान्याच्या फाटकावर गेलो की पगाराचे बोलणे आम्ही मागाहून काढतो. आधी विचारतो, “दादा, पायांना मुंग्या येतात का?”