गॅलन कोणता, ते आधी विचारा. मग भाव सांगा

समजा, तुम्ही लिक्विड सोप बनवता आणि परदेशातून विचारणा आली, 100 गॅलनचा भाव सांगा. तुम्ही मोबाईलवर बघितलं, एक गॅलन म्हणजे 3.785 लिटर. 378.5 लिटरचं कॉस्टिंग केलं, कोटेशन पाठवून मोकळे!

पण हा झाला अमेरिकन गॅलन. समोरचा ब्रिटिश, म्हणजे इम्पीरियल गॅलन धरून बसला असेल तर? तो 4.546 लिटरचा. म्हणजे माल द्यायचा 454.6 लिटर, 76 लिटर जास्त. लिटरला 40 रुपये खर्च धरला तरी 3,000 रुपये खिशातून गेले. नफा राहिला बाजूलाच.

हा घोळ 1824 पासूनचा. ब्रिटनने कायदा करून नवा गॅलन ठरवला, अमेरिकेने जुना वाईन गॅलनच ठेवला.

इम्पीरियलचं गणित असं: 1 गॅलन म्हणजे 4 क्वार्ट, 8 पाइंट किंवा 160 फ्लुइड औंस. पाइंट 568 मिली, औंस 28.4 मिली. अमेरिकन पाइंट मात्र 16 औंसांचा, 473 मिली. आणि गंमत बघा, त्यांचा औंस आपल्या हिशेबापेक्षा मोठा, 29.6 मिली!

कोटेशनवर गॅलनशेजारी लिटरचा आकडा टाका आणि भाव लिटरवरच लावा.