ओळखपत्रावरची एक ओळ

रवांडातील १९९४ च्या नरसंहाराचा विषय निघाला की ‘त्या टोळ्यांचे वैर जुनेच होते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. या विषयावर वाचत गेलो तसे मला हे उत्तर अपुरे वाटू लागले. हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी राहत; त्यांची कुळेही सामाईक होती.

हे दोन शब्द गोऱ्यांनी निर्माण केले, असेही नाही. राजा तुत्सी असे, गुरांची मालकी मुख्यतः तुत्सींकडे असे आणि हुतू शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात र्वाबुगिरी राजाच्या काळात ही दरी रुंदावली. तरीही वर जाण्याची वाट पूर्णपणे बंद नव्हती. गुरे बाळगून संपन्न झालेले हुतू कुटुंब कालांतराने तुत्सी गणले जाऊ शकत असे. या बदलाला ‘क्विहुतुरा’ असा शब्दच आहे.

१९१६ मध्ये जर्मनांना हटवून बेल्जियम आला. मूठभर अधिकाऱ्यांना देश चालवायला स्थानिक मध्यस्थ हवे होते. तुत्सी हे उत्तरेकडून आलेले श्रेष्ठ वंशाचे लोक, हा त्या काळच्या युरोपातील सिद्धान्त सोयीचा ठरला. हुतू सरदार दूर झाले. करवसुली आणि वेठबिगार तुत्सी सरदारांकरवी होऊ लागली. साहजिकच रोषही त्यांच्याच वाट्याला आला. पुढे १९३३-३४ च्या शिरगणतीनंतर ओळखपत्रे आली आणि त्यांवर प्रत्येकाचा गट नोंदला गेला. बापाचा गट तोच मुलाचा. वाट बंद झाली.

१९५९ च्या उठावात बेल्जियमने बाजू बदलून हुतूंना हात दिला. १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, पण नव्या राज्यकर्त्यांनी ती ओळ पुसली नाही. शाळाप्रवेश आणि सरकारी नोकऱ्यांत तुत्सींना रोखण्यासाठी ती आता उपयोगाची होती. ऑगस्ट १९९३ च्या अरुशा करारात ती काढण्याचे ठरले. मात्र ते ज्या संयुक्त सरकारने करायचे, ते सत्तेवर आलेच नाही. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले. पुढच्या सुमारे १०० दिवसांत अंदाजे ८ लाख माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते.

गावात मारेकऱ्याला कार्डाची गरज नव्हती, तो शेजाऱ्याला ओळखतच होता. रस्त्यावरच्या नाक्यांवर मात्र अनोळखी माणसाचे काय करायचे, हे त्या ओळीवरून ठरले.

हत्यार उचलणारे हात रवांडातलेच होते, आणि त्यांची जबाबदारी बेल्जियमवर ढकलता येणार नाही. परंतु माणसे वेगळी काढण्याची व्यवस्था वसाहतीच्या कचेरीत तयार झाली आणि स्वातंत्र्यानंतर ३२ वर्षे घरच्याच सरकारांनी ती जपली. परका राज्यकर्ता जातो, त्याचे रकाने मात्र कुणाच्या तरी सोयीसाठी शिल्लक राहतात. आजच्या रवांडी ओळखपत्रावर ती ओळ नाही.