टेक्सासचा रुबाब समजून घ्यायचाय? मग ही पुस्तकं वाचा, ही गाणी ऐका

टेक्सासच्या लोकांना आपल्या राज्याचा एवढा अभिमान का? कारण मेक्सिकोपासून फुटून १८३६ ते १८४५ अशी नऊ वर्षं टेक्सास हा स्वतंत्र देश होता.

हा इतिहास टी. आर. फेहरेनबाख यांच्या 'लोन स्टार' (१९६८) या जाडजूड पुस्तकात सापडतो. कादंबरी हवी असेल तर लॅरी मॅकमर्ट्री यांची 'लोनसम डव्ह'. दोन माजी रेंजर्स गुरांचा कळप हाकत थेट मोंटानाला निघतात, अशी ही गोष्ट. तिला १९८६ चं पुलित्झर मिळालं. गंमत म्हणजे मॅकमर्ट्रींना काऊबॉयचं कौतुक करायचं नव्हतं, वाचकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतलं.

गाण्यांमध्ये बॉब विल्स यांचं फिडल आणि जॉर्ज स्ट्रेट यांचं 'अमॅरिलो बाय मॉर्निंग' ऐकाच. रोडिओच्या नादात सगळं गमावूनही पुढच्या गावाला निघालेला गडी त्यात भेटतो. कष्ट आणि स्वावलंबन, परंपरा जपणाऱ्या टेक्सासला हेच भावतं.

पण सोबत 'फर्गेट द अलामो' (२०२१) सुद्धा वाचा. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती आणि टेक्सासच्या बंडामागे गुलाम टिकवण्याचा हेतूही होता, असं हे पुस्तक सांगतं. राज्याच्या इतिहास संग्रहालयात त्यावर ठरलेला कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. जवळपास दोनशे वर्षं झाली, तरी टेक्सासमध्ये हा वाद मिटलेला नाही.