नक्कल कोणाच्या हुकमानें?

पिकल्या केळ्यावर जमणारें चिलट आपण हातानें हांकून देतों. आंबा-पेरू पोखरणारी फळमाशी ती निराळी. अमेरिकेंत मॉर्गन यांना १९१० सालीं पांढऱ्या डोळ्यांचें चिलट सांपडल्यापासून शास्त्रज्ञांनीं या क्षुद्र जीवाचा पिच्छा सोडलेला नाहीं.

जनुकांचें काम आम्हां महसुली माणसांस दप्तरावरून चटकन् समजतें. पेशीच्या केंद्रांतील मूळ दप्तर बाहेर जात नाहीं. हव्या त्या पानाची नक्कल बाहेर जाते व तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होतें. बहुतेक प्रत्येक पेशींत दप्तर सबंध असतें. मग डोळ्याच्या पेशींत पंखाचें पान कां उघडत नाहीं? कारण नक्कलनवीस मर्जीनें लिहीत नाहीं. कांहीं विशिष्ट प्रथिनें जनुकाजवळच्या, क्वचित् बऱ्याच दूरच्याही, ठराविक अक्षरांवर जाऊन बसतात, आवळलेलें दप्तर सैल करवितात व नक्कलनवीसास तेथें बोलावतात. कांहीं उलट मनाईहुकूम बजावतात. यांसच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात.

चिलटास पंखांची जोडी एकच. मागल्या जोडीच्या जागीं तोल सांभाळणाऱ्या दोन गुंड्या असतात. तेथें अल्ट्राबायथोरॅक्स नांवाचें प्रथिन हजर असून तें पंखाच्या पुष्कळ पानांस मनाई करतें. एडवर्ड लुईस यांनीं त्या जागेपुरतें त्याचें काम बंद पाडणारे फेरबदल एकत्र आणले, तों चार पंखांचें चिलट निपजलें! १९९५ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी.

परंतु मधमाशीस व रेशमाच्या पतंगासही हें प्रथिन असून पंख चार असतात. तुती लावणाऱ्या बंधूंनीं ते पाहिलेच आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेंत एल. एस. शशिधर व सहकाऱ्यांनीं या दोन कीटकांचें प्रथिन चिलटांत निर्माण करविलें, तेव्हां त्यानेंही पंखास गुंडीकडे वळविलें. हें संशोधन २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. हुकूम सारखाच, तो कोणत्या पानांस लागू, हें ज्याच्या त्याच्या दप्तरांतील अक्षरांवर ठरतें.

हीच गोष्ट आपल्या कपाशींत पाहावयास मिळते. २००२ सालीं परवानगी मिळालेल्या बीटी वाणांत जंतूचें जनुक आहे. पण नुसतें तें मुकेंच राहिलें असतें. म्हणून त्याच्या शिरोभागीं फुलकोबीच्या विषाणूचा एक तुकडा जोडला. कपाशीचीं स्वतःचीं प्रथिनें त्यावर बसून नकला सुरू करवितात. मात्र नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखविलें कीं, झाडाच्या वयाबरोबर विष घटत जातें व बोंडांत तें पानांहून कमी असतें. नांदेडकडे गुलाबी अळी पोसते ती बोंडांतच. ती विषास सरावली हें आणखी एक. पाकिटांत जनुक आहे हें दुकानदाराचें म्हणणें खरें असलें, तरी कामगंध सापळे वेळेवर लावावेत आणि फरदड मुळींच ठेवूं नये.