लाल दिव्याचे म्हणणे

सांगलीच्या गावभागातील एका जैन कुटुंबात गेल्या श्रावणाच्या अखेरीस विजेवर चालणारी मोटार आली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले गेले, श्रीफळ वाढवले गेले, शेजारीपाजारी पेढे वाटून झाले. रात्री मुलाने पोर्चमधील सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये चार्जरची पिन खोचली आणि वायरच्या दुसऱ्या टोकाची गन गाडीला जोडली. चार्जरच्या पेटीवर हिरवा दिवा लागावयास हवा होता. लागला तो लाल. पिन काढून पुन्हा लावली, मेन स्विच बंद करून चालू केला, गाडी कुलूपबंद करून उघडली. दिवा लालच राहिला.

घरातील वडीलधारे अण्णा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. भाद्रपद शुद्ध द्वितीयेस कुंथलगिरीस जाण्याचा त्यांचा संकल्प होता. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली जेथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला, त्या क्षेत्री त्याच तिथीस दर्शनास जावे, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. तिथी चार दिवसांवर आली होती आणि गाडीत निम्मीही वीज नव्हती.

नवी वस्तू चालली नाही की दोष वस्तूलाच देण्याची आपली रीत आहे. विक्रेत्याकडे दूरध्वनी गेला, गाडी परत नेण्याची भाषाही झाली. तेथील तंत्रज्ञाने मात्र एक साधी तपासणी सुचवली: हाच चार्जर आणि हीच गाडी दुसऱ्या एखाद्या नव्या घरी लावून पाहा. विश्रामबागेतील आत्याच्या घरी पिन लावताच हिरवा दिवा लागला. म्हणजे गाडी निर्दोष, चार्जर निर्दोष. दोष राहत्या घरातच. घरगुती चार्जिंगच्या बहुतेक तक्रारींत ही एकच कृती अर्ध्याअधिक वाद मिटवते आणि तिला पैसाही लागत नाही.

येथे प्रश्न पडतो की ज्या सॉकेटवर वर्षानुवर्षे इस्त्री आणि मिक्सर बिनतक्रार चालले, ते गाडीलाच का चालू नये? इस्त्री, फ्रिज किंवा गीझर यांना चालण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा पुरतात. तिसरी जाड पिन अर्थिंगची. उपकरणाच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली, तर ती जमिनीत वाहून नेण्यासाठी ती असते. ती तार तुटलेली असली तरी फ्रिज थंड करीतच राहतो आणि घरातील कोणाला पत्ता लागत नाही. गाडीचा चार्जर मात्र वीज आत सोडण्यापूर्वी अर्थिंग आहे की नाही हे तपासतो आणि ते न मिळाल्यास सरळ नकार देतो. कित्येक जुन्या घरांत वायरिंगचे असे लेखापरीक्षण प्रथमच होत असते, आणि परीक्षकाचा शेरा कोणालाच आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतला वायरमन आला. त्याने मीटर लावून पाहिले. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २२८ व्होल्ट, ते ठीक; परंतु न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ७१. अर्थिंग सुस्थितीत असेल तर हा आकडा दोन-चार व्होल्टच्या आत असावयास हवा. अर्थिंग तुटल्याचे निदान त्याने अचूक केले. उपाय मात्र भलताच सांगितला. सॉकेटच्या मागे न्यूट्रलची आणि अर्थची पिन तारेच्या एका तुकड्याने जोडून द्यायची. चार्जरला वाटेल अर्थिंग आहे, दिवा हिरवा होईल. पाच मिनिटांचे काम. ‘या भागातल्या तीन घरांत असंच करून दिलंय, कुणाची तक्रार नाही,’ असेही तो म्हणाला.

मुलगा तयार होता. अण्णांचाही जीव तिथीत अडकलेला. अडवले ते सुनेने. ती कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. तिने एकच प्रश्न विचारला, ‘खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला तर?’

वायरमन गप्प झाला. कारण उत्तर त्यालाही ठाऊक होते. न्यूट्रल तुटला की फेजची वीज चार्जरमधून न्यूट्रलच्या तारेत उतरते आणि परतीची वाट न सापडल्याने त्या जोडतुकड्यावाटे अर्थच्या पिनेत शिरते. अर्थची पिन गाडीच्या पत्र्याशी जोडलेली असते. म्हणजे २३० व्होल्ट गाडीच्या अंगावर येऊन थांबतात. खाली रबराचे टायर असल्याने ती वीज जमिनीत उतरत नाही. दाराच्या कडीला हात लावणाऱ्या माणसाची वाट पाहत राहते. खांबावर काम करताना कोणाकडून फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर न्यूट्रल तुटण्याचीही गरज नाही. पावसाचे दिवस, अंगणात पाणी, नातवंडे अनवाणी खेळणारी. गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी त्या घरात बसवलेलाच नव्हता. असता तरी अशा जोडणीने त्याच्या संरक्षणात खोट येते, कारण गळलेली वीज न्यूट्रलवाटेच परतते आणि त्याला गळतीचा सुगावा लागत नाही. जीवदयेपोटी धुराची गाडी सोडून विजेची घेणाऱ्या घराने असा सापळा आपल्याच दारात मांडावा, ही विसंगती अण्णांच्या ध्यानी आली. ‘तार जोडायची नाही,’ एवढेच ते म्हणाले.

यात्रा मात्र झाली. आदल्या संध्याकाळी शहरातील सार्वजनिक वेगवान चार्जरवर गाडी भरून घेण्यात आली. घरच्या अर्थिंगशी तिचा काही संबंध नसतो. रांगेत दोन गाड्या पुढे होत्या. घरी परतेपर्यंत सूर्य मावळला आणि अण्णांचे भोजन राहिले. पहाटे उपाशीपोटीच ते गाडीत बसले. वाटेत एकदा थांबून पुन्हा चार्जिंग करावे लागले, तरी दर्शन तिथीस घडले.

परतल्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदारास बोलावून अर्थिंगचा शोध सुरू झाला. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात या घरात पाणी शिरले होते. पुढे अंगणाची पातळी उंच करून पेव्हर ब्लॉक बसवले गेले. त्या कामात अर्थिंगचा खड्डा बुजला आणि भिंतीवरून खाली येणारी पट्टी कापली गेली. घरातील हिरवी तार गिलाव्याआड येऊन तशीच संपलेली होती. म्हणजे इतकी वर्षे गीझर, धुलाईयंत्र, पाण्याची मोटर सारे काही अर्थिंगविना चालले होते. घरातील बायकांना धुलाईयंत्राला ओला हात लागताच झिणझिण्या येत, ती तक्रार ‘जुने यंत्र’ म्हणून सोडून दिलेली होती! नवीन खड्डा घेऊन इलेक्ट्रोड पुरला गेला, अर्थ टेस्टरने रोध मोजून तो पाच ओहमच्या आत आल्याची खात्री झाली. खड्ड्यावर झाकण ठेवले आहे, कारण उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की रोध वाढतो आणि त्यात पाणी ओतावे लागते. न्यूट्रल-अर्थमधील आकडा दोनाच्या खाली आला. दिवा हिरवा झाला.

तिसऱ्या रात्री चार्जिंग मध्येच थांबले. या वेळी पिनेला हात लावताच चटका बसला आणि सॉकेटच्या एका भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी झालेले दिसले. घरगुती चार्जर सुमारे ३.३ किलोवॉट, म्हणजे चौदा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. सोळा अँपिअरच्या सॉकेटला ते झेपावयास हवे, असे कागदावर वाटते. परंतु गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. ३० युनिटांची बॅटरी पूर्ण भरावयास नऊ-दहा तास लागतात. तेवढा वेळ जुन्या सॉकेटच्या सैल पकडीतून सतत प्रवाह गेला की सांधा तापतो, तापल्याने पकड आणखी सैल होते. एक्स्टेन्शन बोर्ड वापरणारे हाच धोका दुप्पट करून घेतात. त्यावर इलाज एकच होता: मीटरपासून गाडीपर्यंत मध्ये कोठेही जोड नसलेली चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार, नवे औद्योगिक सॉकेट, त्यासाठी वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. खर्च झाला, पण गाडीच्या किमतीपुढे तो हिशेबात धरण्याजोगाही नव्हता, आणि खरे तर तो गाडी येण्यापूर्वीच व्हावयास हवा होता.

त्यानंतरच्या अडचणी किरकोळ होत्या. संध्याकाळी दाब घसरला की चार्जर थांबे. रात्री अकरानंतर लावल्यास तक्रार नसे. एकदा दिवा हिरवा असूनही बॅटरी भरेना. दोन दिवस डोके खाजवल्यावर उलगडा झाला, की नातवाने गाडीच्या पडद्यावर पहाटे चारची वेळ लावून ठेवली होती.

अण्णांनी विजेचे बिलही तपासले. त्यावर छापलेला मंजूर भार दोन किलोवॉटचा होता. एकट्या गाडीनेच तो ओलांडला जात होता, म्हणून महावितरणकडे भारवाढीचा अर्ज केला गेला. महिन्याला हजार किलोमीटरमागे सुमारे १५० युनिट वाढतात. दोनशे युनिट वापरणारे घर त्यामुळे तीनशेच्या वरच्या टप्प्यात जाते. पण वाढीव दर तीनशेच्या पुढील युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नव्हे. या मुद्द्यावर शेजाऱ्यांशी अण्णांचा बराच वाद झाला आणि त्यांनी तो कागदावर बेरीज मांडून जिंकला.

वायरमनला मात्र सुनेचा प्रश्न सोडीना. पुढच्याच आठवड्यात तो टेस्टर घेऊन त्या तीन घरी गेला. दोघांनी तारेचा तुकडा काढू दिला आणि अर्थिंगचे काम त्याच्याकडून करवून घेतले. तिसऱ्या घरच्यांनी दारातूनच सांगितले, ‘चाललंय ना व्यवस्थित, मग कशाला हात लावायचा?’ त्या घरी तो अजूनही अधूनमधून जातो.