तांबड्या पेशींची संथ घट : केमोथेरपी आणि रक्त

केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाच्या घरात काळजी असते ती मुख्यतः पांढऱ्या पेशींची, कारण औषध दिल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत त्यांची संख्या झपाट्याने उतरते आणि त्या दिवसांत आलेला साधा तापही जिवावर बेतू शकतो. तांबड्या पेशींकडे लक्ष जाते ते उशिरा, केमोच्या तीन-चार फेऱ्या झाल्यावर, एक जिना चढतानाही धाप लागू लागते तेव्हा. आणि तोवर ‘केमो म्हटल्यावर थकवा यायचाच’ अशी घरच्यांनी आणि रुग्णाने मनाची समजूत घालून घेतलेली असते. ही समजूत अर्धवट खरी असली तरी घातक आहे, कारण या थकव्यामागे पुष्कळदा मोजता येण्याजोगे आणि उपचार करता येण्याजोगे कारण असते.

हा विलंब पेशींच्या आयुर्मानातून येतो. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तप्रवाहात जेमतेम काही तास टिकतात आणि रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट आठ ते दहा दिवस, तर तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे नवी निर्मिती पूर्णपणे थांबली असे धरले, तरी दिवसाला एक टक्क्याहून कमीच पेशी घटतात, आणि १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या रुग्णाचा आकडा दहा दिवसांनी ११च्या आसपास दिसतो. परंतु ही किरकोळ वाटणारी तूट भरून निघण्याआधीच तीन आठवड्यांनी पुढची मात्रा येते, आणि तूट साचत जाते.

रक्तात फिरणाऱ्या तांबड्या पेशीला केंद्रक नसते, म्हणून पेशीविभाजनावर घाला घालणाऱ्या बहुतेक औषधांना तिच्यात लक्ष्यच सापडत नाही. खरा आघात होतो तो हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेवर. तेथे तांबड्या पेशींची पूर्वज पेशी काही दिवसांत चार-पाच वेळा विभागते, प्रत्येक विभाजनागणिक लहान होत जाते, हिमोग्लोबिनने भरत जाते आणि शेवटी आपले केंद्रक बाहेर टाकते, जे शेजारची भक्षक पेशी गिळून टाकते. निरोगी शरीरात अशा वीस लाखांहून अधिक पेशी दर सेकंदाला तयार होतात, आणि जेथे विभाजन इतके वेगवान असते तेथे कर्करोगाच्या गाठीसाठी दिलेले औषधही तितकेच परिणामकारक ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मेथोट्रेक्सेट या औषधाचे आहे, आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचतो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणीकामगार गर्भवती स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांना मात्र ल्युकेमिया झालेल्या मुलांना हे जीवनसत्त्व दिल्यावर रोग बळावल्यासारखा दिसला, तेव्हा त्यांनी नेमका उलटा विचार केला : या जीवनसत्त्वाची वाट अडवली तर? आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने असे विरोधी रसायन पुरवले, आणि १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांपैकी १० जणांत रोग तात्पुरता ओसरल्याचे नोंदवले. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले औषध. गर्भवती गिरणीकामगारांच्या अस्थिमज्जेत कुपोषणाने जे घडत होते, तेच हे औषध हेतुपुरस्सर घडवते : डीएनए तयार होण्यास लागणारा घटक कमी पडतो, केंद्रकाची वाढ खुंटते, हिमोग्लोबिन मात्र साचत राहते, आणि पेशी आकाराने मोठी पण संख्येने थोडी होते. रक्ततपासणीच्या रिपोर्टात एमसीव्ही या नावाने पेशीचे सरासरी आकारमान दिलेले असते. ते सामान्यतः ८० ते १०० या मर्यादेत असते आणि अशा औषधांनी तिच्या वर जाऊ शकते. म्हणूनच कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने ‘रक्त वाढावे’ म्हणून फॉलिक आम्लाची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण पेमेट्रेक्सेडसारख्या औषधासोबत हीच गोळी डॉक्टर मुद्दाम सुरू करतात, तर अन्यत्र ती औषधाच्या कामात ढवळाढवळ करू शकते.

इतर औषधांच्या वाटा वेगळ्या आहेत. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना इजा करते, आणि अस्थिमज्जेला निर्मितीचा आदेश देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडांतच तयार होत असल्यामुळे तो आदेशच क्षीण होतो. क्वचित मायटोमायसिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन तेथून जाणाऱ्या तांबड्या पेशी चिरल्या जातात, तर फ्लुडाराबिनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटू शकते. हायड्रॉक्सियुरियाची गोष्ट मात्र सुखद आहे : त्यानेही पेशी मोठ्या होतात, पण सोबत गर्भस्थ बाळात असते त्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते, आणि त्यामुळे गडचिरोली-नंदुरबारकडील सिकलसेलग्रस्तांच्या वेदनेचे झटके कमी करण्यास हेच कर्करोगाचे औषध उपयोगी पडते.

सगळा दोष औषधाच्या माथी मारणेही बरोबर नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे हिमोग्लोबिन आधीच कमी असते, त्यांची केमोथेरपी तुटीनेच सुरू होते. शिवाय कर्करोगामुळे शरीरात दाह असेल तर यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक अधिक सोडते आणि साठ्यातले लोह साठ्यातच अडकून पडते, ज्यावर गोळ्यांपेक्षा शिरेतून दिलेले लोह अधिक उपयोगी ठरते. हिमोग्लोबिन सात-आठ ग्रॅमखाली गेले तर बहुधा रक्त चढवावे लागते, आणि एका पिशवीने ते साधारण एक ग्रॅमने वाढते. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने रक्त चढवण्याची गरज कमी करतात, पण त्यांनी गुठळ्यांचा धोका वाढतो आणि गाठ वाढण्याचीही भीती असते, म्हणून रोग पूर्ण बरा करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असताना ती सहसा टाळली जातात. फ्लुडाराबिन घेतलेल्या रुग्णाला तर किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेलेच रक्त द्यावे लागते, अन्यथा दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला चढवू शकतात. हे औषध घेतल्याची नोंद रक्तपेढीकडे पाठवायच्या मागणीपत्रावर असणे त्यासाठी आवश्यक असते, उपचार संपून वर्षे लोटली असली तरीही.