कमरेचा घेर आणि पुरुषाचे प्रजननस्वास्थ्य

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक, सारखाच २२.३ असूनही याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्केच चरबी असल्याचे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने छापले. अशी चरबी हा निष्क्रिय साठा नसतो. तिच्यातील अ‍ॅरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, त्यामुळे मेंदूलगतच्या पीयूषिका ग्रंथीकडून वृषणांना मिळणारे संदेश मंदावतात आणि शुक्राणूंची निर्मिती घटू शकते. म्हणूनच केवळ वजनावरून न कळणाऱ्या या चरबीचा अंदाज येण्यासाठी पुरुषांनी वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजावा आणि अपत्यप्राप्तीस विलंब होत असल्यास पत्नीबरोबर पतीचीही तपासणी सुरुवातीलाच व्हावी.